लांब इंग्रजी वाक्यातली चूक सांध्यात असते

प्रश्न : मी विट्याची. शाळा-कॉलेज सगळं मराठी माध्यमातून झालं. सध्या सांगलीत खोली घेऊन राहते, दिवसभर अभ्यासिकेत बसते. स्टाफ सिलेक्शनची सीजीएल (केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीची पदवीधरांची परीक्षा) आणि राज्यातल्या सरळसेवा भरतीची तयारी चालू आहे. इंग्रजीत चूक शोधण्याच्या प्रश्नांत लहान वाक्य असलं की उत्तर पटकन सापडतं. पण 'हू', 'विच', 'ऑल्दो' घातलेलं दोन ओळींचं कॉम्प्लेक्स वाक्य आलं की एक तर सगळंच बरोबर वाटतं, नाहीतर सगळंच चूक. सराव चाचणीत पंचवीसपैकी बारा-तेराच्या वर जात नाही. व्याकरणाचं पुस्तक दोनदा वाचून झालं. आता तिसऱ्यांदा वाचू का?

उत्तर : नका वाचू. नियम तुम्हाला येतात, नाहीतर लहान वाक्यांतल्या चुका सापडल्या नसत्या. लांब वाक्य तुम्ही कानाने तपासता आणि तो कान मराठीवर तयार झालेला आहे, अडचण तिथं आहे. मराठीत जे मिश्र वाक्य अगदी गोड लागतं, त्याचीच इंग्रजी नक्कल चूक ठरते. प्रश्न काढणारे बहुतेक वेळा नेमके त्या सांध्यावर बोट ठेवतात. म्हणून लांब वाक्य आलं की आधी मोजायचं, कानाचं मत नंतर. (इथं इंग्रजी वाक्यं देवनागरीत छापली आहेत. वाचताना ती वहीत रोमन लिपीत उतरवून घ्या, निम्मा सराव त्यातच होईल.)

मोजायची ती क्रियापदं. काळ दाखवणारं प्रत्येक क्रियापद एक धरायचं. 'हॅज बीन वर्किंग' हे तीन शब्द मिळून एकच क्रियापद. 'टू गो', 'गोइंग', नुसतं 'गॉन' ही धातुसाधितं, ती मोजायची नाहीत. मग जोडशब्द मोजायचे. 'ॲण्ड', 'बट' हे तर जोडशब्द आहेतच. 'बिकॉज', 'ऑल्दो', 'इफ', 'दॅट' आणि वाक्य जोडणारे 'हू', 'विच', 'व्हॉट', 'व्हेअर' हेही त्यातच धरा. क्रियापदं जितकी, त्यापेक्षा एक कमी जोडशब्द हवा. चार क्रियापदं तर तीन जोडशब्द.

हे वाक्य घ्या :

'ऑल्दो द फार्मर्स हू हॅड सेंट देअर ग्रेप्स टू द मार्केट वेअर प्रॉमिस्ड अ गुड प्राइस, बट द मनी दे रिसीव्ह्ड वॉज नॉट इनफ.'

क्रियापदं : 'हॅड सेंट', 'वेअर प्रॉमिस्ड', 'रिसीव्ह्ड', 'वॉज'. चार. म्हणजे जोडशब्द तीन हवेत. दिसणारे जोडशब्द 'ऑल्दो', 'हू' आणि 'बट', म्हणजे तीन झाले, हिशेब जुळला असं वाटेल. पण 'द मनी दे' इथं दोन नामं-सर्वनामं मध्ये काहीही नसताना शेजारी आली आहेत. असं दिसलं की मध्ये एक 'दॅट' गाळलेला आहे असं समजायचं आणि तोही मोजायचा. मग जोडशब्द चार झाले, एक जास्त. 'ऑल्दो' आणि 'बट' दोघंही एकच काम करताहेत, म्हणून 'बट' जाणार. कानाला हे वाक्य का खटकलं नाही ते उघड आहे : 'जरी चांगला भाव कबूल केला होता, तरी पैसे पुरले नाहीत.' मराठीला जरी आणि तरी दोन्ही लागतात. इंग्रजीला एक पुरतो.

जोडशब्द कमी पडला तरी हीच मोजणी सांगते. 'इट वॉज रेनिंग हेविली, वी कॅन्सल्ड द ट्रिप टू कास.' दोन क्रियापदं आणि मध्ये नुसता स्वल्पविराम. इंग्रजीत स्वल्पविराम एकटा दोन वाक्यं जोडू शकत नाही. सुरुवातीला 'ॲज' घाला किंवा मध्ये 'सो'. उलट, 'द बॉय हू स्टँडिंग निअर द गेट इज माय ब्रदर' यात क्रियापद एकच आहे, 'इज', आणि जोडशब्दही एक. एका क्रियापदाला जोडशब्द शून्य लागतो. म्हणजे एक तर 'हू' काढा, नाहीतर 'हू इज स्टँडिंग' करून दुसरं क्रियापद पुरवा. पर्यायांत यांपैकी जे दिलं असेल ते उत्तर.

मोजणी जुळली की दुसरं काम : प्रत्येक क्रियापदाला त्याचा कर्ता विचारायचा. 'द क्वालिटी ऑफ द रेझिन्स दॅट वेअर सोल्ड इन तासगाव लास्ट वीक वेअर पुअर.' पहिलं 'वेअर सोल्ड', त्याचा कर्ता 'दॅट', म्हणजे बेदाणे, अनेकवचन, ठीक. दुसऱ्या 'वेअर'चा कर्ता बेदाणे नाहीत, तासगावही नाही. खराब काय होती? क्वालिटी. एकवचन, म्हणून 'वॉज'. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये मुद्दाम सात-आठ शब्द घातलेले असतात आणि त्यातला शेवटचा अनेकवचनी शब्द डोळ्यांत राहतो. मधलं सगळं बोटाने झाकून वाचा.

'हू'च्या मागचा शब्द नीट बघा. 'ही इज वन ऑफ द क्लर्क्स हू नेव्हर कम लेट' हे बरोबर आहे, कारण उशिरा न येणारे कारकून अनेक आहेत आणि हा त्यातला एक. पण 'द ओन्ली वन ऑफ द क्लर्क्स' असेल तर 'कम्स', कारण मग तो एकटाच तसा आहे. 'हू' आणि 'हूम' यांचा गोंधळही कर्ता विचारल्यावर सुटतो. 'द मॅन हूम आय थॉट वॉज द तलाठी टर्न्ड आउट टू बी अ क्लर्क.' 'थॉट'चा कर्ता 'आय', 'टर्न्ड आउट'चा 'द मॅन'. मग 'वॉज'चा कर्ता कोण? कोणीच उरत नाही. 'हूम' कर्ता होऊ शकत नाही, म्हणून तिथं 'हू' हवं. झटपट पडताळा हवा असेल तर 'आय थॉट' हे दोन शब्द झाकून वाक्य वाचा.

आता मराठीतून येणाऱ्या चुका. यांवर जास्त वेळ द्या, तुमचे गुण इथंच अडकले असावेत.

जरी-तरीसारखंच 'जेव्हा-तेव्हा' आणि 'कारण-म्हणून' यांचं. 'व्हेन' असेल तर पुढे 'देन' नको, 'ॲज' किंवा 'सिन्स' असेल तर 'सो' किंवा 'देअरफोर' नको. मात्र 'दो' बरोबर 'येट' आणि 'इफ' बरोबर 'देन' चालतात. ते क्रियाविशेषण म्हणून येतात, जोडशब्द म्हणून मोजू नका आणि चूक म्हणून खोडूही नका. 'जो-तो'ची सवय दुसरीकडेच बाहेर पडते : 'द ऑफिसर हूम आय मेट हिम यस्टरडे'. 'हूम' आलं की तेच काम करणारं 'हिम' जादा. तसंच 'द हाउस इन विच ही लिव्ह्ज इन', इथं एक 'इन' जादा.

'जोपर्यंत मी येत नाही तोपर्यंत थांब.' या मराठी वाक्यात 'नाही' आहे आणि ते असायलाच हवं. म्हणून विद्यार्थी 'वेट अनटिल आय डू नॉट कम' लिहितात आणि ते त्यांना खटकत नाही. 'अनटिल', 'अनलेस' आणि 'लेस्ट' या तिन्ही शब्दांच्या पोटात नकार आहे. त्यांच्या गौण वाक्यात, म्हणजे त्या शब्दाने सुरू होणाऱ्या पोटवाक्यात, 'नॉट' दिसलं की बहुधा तोच भाग उत्तर. 'लेस्ट' नंतर 'शुड' येतं : 'ही रॅन लेस्ट ही शुड मिस द बस.' तिथं 'वुड' किंवा 'मे' दिलं असेल तर चूक धरा.

'पाऊस पडला तर सामना होणार नाही.' बघा, पाऊस उद्या पडणार आहे आणि क्रियापद भूतकाळी आहे. मराठीची ही रीत इंग्रजीत नाही. तिथं भविष्याबद्दलची अट किंवा वेळ साध्या वर्तमानकाळात येते : 'इफ इट रेन्स, द मॅच विल नॉट बी प्लेड.' 'इफ', 'व्हेन', 'अनटिल', 'बिफोर', 'ॲज सून ॲज' यांच्या गौण वाक्यात 'विल' आलं तर चूक. पण इथं मोठा सापळा आहे. 'आय डू नॉट नो इफ ही विल कम' आणि 'टेल मी व्हेन यू विल कम' ही दोन्ही बरोबर आहेत. तिथं 'इफ'ने अट घातलेली नाही, 'येईल की नाही' असं विचारलं आहे. 'व्हेन' म्हणजे 'जेव्हा' नसून 'कधी'. ओळखायची खूण अशी : मुख्य क्रियापदाला 'काय?' विचारा. काय माहीत नाही? येईल की नाही ते. उत्तर म्हणून ते गौण वाक्य मिळालं, तर 'विल'ला हात लावायचा नाही.

अट भूतकाळातली, न घडलेल्या गोष्टीची असेल तर 'इफ' च्या बाजूला 'हॅड', दुसऱ्या बाजूला 'वुड हॅव'. 'इफ आय वुड हॅव नोन' हे चूक. 'हॅड आय नोन' असं उलटून आलं तर बरोबर, पण मग त्याच्या आधी 'इफ' नको.

वाक्यात आलेला प्रश्न मराठीत आपला क्रम बदलत नाही : 'बसस्थानक कुठे आहे?' आणि 'बसस्थानक कुठे आहे ते सांगाल का?' इंग्रजीत सरळ प्रश्न उलटतो आणि दुसऱ्याच्या पोटात गेला की पुन्हा सुलटा होतो. 'ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग' यात 'व्हेअर आय वॉज गोइंग' हवं. याच वाक्यात आपला 'की' आडवा येतो आणि 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर' तयार होतं. 'व्हेअर' हाच जोडशब्द आहे, 'दॅट' जादा. क्रियापदं दोन आणि जोडशब्द दोन, मोजणीतही ते लगेच पकडलं जातं.

'आयर्विन पूल ओलांडताना माझा मोबाइल नदीत पडला.' सांगलीत कुणीही बोलेल असं बरोबर मराठी वाक्य. 'व्हाइल क्रॉसिंग द आयर्विन ब्रिज, माय मोबाइल फेल इनटू द रिव्हर' हे मात्र इंग्रजीत चूक, कारण 'क्रॉसिंग'चा कर्ता पुढच्या वाक्याच्या कर्त्यावर जाऊन बसतो आणि पूल मोबाइलने ओलांडला असं होतं. 'व्हाइल आय वॉज क्रॉसिंग' केलं की सुटलं. वाक्याची सुरुवात 'इंग'वाल्या शब्दाने झाली असेल तर स्वल्पविरामानंतरचा पहिला शब्द बघा. ते काम त्यानेच केलं आहे का?

काळाचा मेळ तुम्हाला पाठ असणार : मुख्य वाक्य भूतकाळात तर गौणही भूतकाळात, 'ही सेड दॅट ही वुड कम'. अपवाद कायम सत्याचा. 'द टीचर टोल्ड अस दॅट द कृष्णा राइझेस ॲट महाबळेश्वर' यात 'राइझेस' बरोबर आहे, त्याचं 'रोज' करू नका. 'सिन्स'चं वाक्य उलट्या बाजूने बघा : 'आय हॅव नॉट मेट हिम सिन्स ही लेफ्ट सातारा'. 'हॅव' मुख्य वाक्यात, साधा भूतकाळ 'सिन्स' नंतर.

ठरलेल्या जोड्या पाठच करायच्या, पण कारणासकट. 'नो सूनर' नंतर 'दॅन', कारण 'सूनर' हे तुलनेचं रूप आहे. 'हार्डली' आणि 'स्केअर्सली' तुलना करत नाहीत, म्हणून तिथं 'व्हेन'. तिन्ही वाक्याच्या सुरुवातीला आले की क्रियापद उलटतं : 'नो सूनर डिड द बस रीच कराड दॅन इट स्टार्टेड रेनिंग'. 'डिड' आलं की 'रीच'ला भूतकाळ नको. 'द रीझन' नंतर 'बिकॉज' नाही, 'दॅट'. 'सच' नंतर 'विच' नाही. तुलना असेल तर 'ॲज', परिणाम असेल तर 'दॅट'. आणि स्वल्पविरामांत अडकवलेल्या माहितीला 'दॅट' चालत नाही : 'यशवंतराव चव्हाण, हू वॉज बॉर्न ॲट देवराष्ट्रे इन १९१३, बिकेम द फर्स्ट चीफ मिनिस्टर ऑफ महाराष्ट्र इन १९६०.' इथं 'हू'च हवं.

प्रश्नाचा प्रकार ओळखून हात चालवा. चूक शोधण्याच्या प्रश्नात वाक्याचे तुकडे पाडलेले असतात आणि एकाच तुकड्यात चूक असते. तुम्हाला अख्खं वाक्य सुंदर करायचं नाही. 'याच्यापेक्षा दुसरा शब्द बरा वाटला असता' या कारणातून नेमकी चूक कोणती ते कळत नाही, ते सोडून द्या. वाक्य सुधारण्याच्या प्रश्नात फक्त अधोरेखित भाग बदलता येतो. म्हणून अधोरेखित नसलेला भाग आधी वाचा. तो पक्का आहे, त्याचा काळ आणि त्याचा जोडशब्द बाकीच्याला बांधून ठेवतो. स्वल्पविरामानंतर 'वुड हॅव' पक्कं असेल, तर अधोरेखित भागात 'हॅड' असलेलाच पर्याय बसणार. उरलेले तीन वाचत बसायची गरज नाही.

'नो एरर' हा पर्याय भीतीपोटी दाबू नका आणि भीतीपोटी टाळूही नका. मोजणी, कर्ता-क्रियापद, काळ, जोडी, शब्दांचा क्रम, एवढं बघून झालं आणि काही सापडलं नाही, तर तो पर्याय निवडा आणि पुढे जा. परत मागे येऊन बदललेलं उत्तर कशामुळे बदललं, हे नियमाच्या भाषेत सांगता येत नसेल तर बदलू नका.

सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांना ६० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. इंग्रजीचे २५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चुकीला ०.५० वजा. चारांपैकी दोन पर्याय कारण सांगून बाद करता आले तर उत्तर द्याच. सरासरीने तुमचा फायदा आहे. दुसऱ्या टप्प्यात इंग्रजीचे ४५ प्रश्न ३ गुणांचे आणि चुकीला १ वजा. २०२३ च्या तलाठी भरतीत इंग्रजीचे २५ प्रश्न ५० गुणांना होते आणि चुकीला गुण कापले जात नव्हते. अशा परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. त्या त्या जाहिरातीत हा नियम आधी बघून घ्या. आणि संगणकावरच्या परीक्षेत वाक्याखाली रेघ मारता येत नाही, म्हणून क्रियापदं बोटांवर मोजायची सवय आत्तापासून लावा. डाव्या हातावर क्रियापदं, उजव्या हातावर जोडशब्द. डाव्या हाताचं एक बोट जास्त राहिलं पाहिजे. सुरुवातीला एका वाक्याला दीड-दोन मिनिटं लागतील, लागू द्या. पहिला आठवडा घड्याळ लावूच नका.

अभ्यासिकेत रोज शंभर प्रश्न सोडवून उत्तरतालिका बघण्यापेक्षा बारा वाक्यं घ्या, जुन्या प्रश्नपत्रिकांतलीच. वहीत तीन रकाने पाडा : चुकलेलं वाक्य, दुरुस्त वाक्य, आणि तिसऱ्या रकान्यात ज्या मराठी वाक्याने फसवलं ते. तिसरा रकाना कंटाळवाणा वाटेल, पण खरा उपयोग त्याचाच आहे. दोन आठवड्यांनी तो रकाना वरपासून खाली वाचा. तीच चार-पाच मराठी वळणं परत परत दिसतील, आणि तुमची उजळणी तेवढ्यावरच करायची आहे. जोडीला रोज एका इंग्रजी दैनिकाच्या अग्रलेखातलं पंचवीसहून अधिक शब्दांचं एक वाक्य घ्या आणि त्यातली क्रियापदं मोजा. बरोबर असलेली लांब वाक्यंही नजरेखालून गेली पाहिजेत, नाहीतर जिथं तिथं चूकच दिसायला लागते.

आज रात्री ही पाच वाक्यं सोडवा, खालची उत्तरं झाकून.

पहिलं : 'द टीचर आस्क्ड अस व्हाय हॅड वी नॉट ब्रॉट द मॅप.' दुसरं : 'अनलेस द गव्हर्नमेंट डझ नॉट रिपेअर द रोड, द बस विल नॉट कम टू अवर व्हिलेज.' तिसरं : 'द लिस्ट ऑफ कँडिडेट्स हू हॅव पास्ड द टेस्ट हॅव बीन पुट अप ॲट द गेट.' चौथं : 'आय डू नॉट नो इफ द ऑफिस विल बी ओपन टुमॉरो.' पाचवं : 'बीइंग संडे, द बँक वॉज क्लोज्ड.'

पहिल्यात 'व्हाय वी हॅड नॉट ब्रॉट'. दुसऱ्यात 'अनलेस द गव्हर्नमेंट रिपेअर्स'. तिसऱ्यात पहिलं 'हॅव' बरोबर आहे, ते उमेदवारांचं. दुसऱ्याच्या जागी 'हॅज', कारण दारावर लागली ती यादी. चौथ्यात चूक नाही. पाचव्यात 'इट बीइंग संडे', कारण रविवार बँक नव्हती, दिवस होता. यातलं जे चुकलं असेल, त्याने वहीची पहिली ओळ भरा.